सांधणीचा आवाज

आत्याला त्या नोकरीत मी घातलं, त्यामुळे पुढे जे झालं त्यातला निम्मा दोष माझ्याकडे येतो. उरलेला निम्मा कोणाचा, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. काकांच्या मते तो आत्याच्या हट्टाचा. आत्याच्या मते जरासे साहेबांचा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सव्वीस वर्षं तिने रेडिओच्या नाटकांना आवाज पुरवले. बोलायचे नव्हेत, बोलायला नट असायचे. नाटकात कोणी दार उघडलं की ते दार आत्या उघडायची. नायक जिना चढून आला की आत्या दोन्ही हातांत पुरुषी बूट घालून लाकडी खोक्यावर तो जिना चढायची. नुसता कप बशीत ठेवायच्या तिच्याकडे अकरा तऱ्हा होत्या. बायकोला सगळं कळलंय पण ती आज काही बोलणार नाही, ही त्यातली सातवी. घरात चुकून तसा कप ठेवला गेला की काका वर्तमानपत्र खाली करून विचारतात, "माझं काही चुकलं का?"

काका म्हणजे आत्याचे यजमान. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासतात. शांत माणूस.

नाटक विभाग बंद झाला तेव्हा आत्या चोपन्न वर्षांची होती. पुढचं वर्षभर ती घरातल्या वस्तू वाजवून बघत होती. भाजी आणायला गेली तर कोबी कानाशी धरून दाबायची. भाजीवाल्याला वाटायचं, बाई ताजेपणा बघतायत. एके दिवशी काकांनी मला बाजूला घेतलं. "तुझ्या कंपनीत काही असेल तर बघ गं. काल तिने माझ्या दाढीचा ब्रश पाऊण तास भिंतीवर घासला. मी विचारलं काय चाललंय, तर म्हणते, घुबड उतरतंय."

माझी कंपनी व्हिडिओ गेम बनवते. त्या वेळी आम्ही ज्या खेळावर काम करत होतो तो जादूगार, राक्षस, तलवारी आणि पडक्या किल्ल्यांचा होता. खेळणाऱ्याने एक माणूस निवडायचा, त्याला लढवत लढवत मोठं करायचं, आणि तो जसजसा मोठा होईल तसतसे त्याला नवे मंत्र मिळत जायचे. कोणी आग फेकतो, कोणी शत्रूला जागच्या जागी गोठवतो, कोणाची कातडी दगडाची होते, कोणी दिसेनासा होतो. असे एकशे चाळीस मंत्र होते. प्रत्येकाला पाच आवाज लागत: मंत्र सुरू होताना, तो हातात भरत असताना, सुटताना, समोरच्याला लागताना, आणि पाचवा मॅना कमी पडून फसताना. मॅना म्हणजे जादूचं इंधन. ते पडद्यावर निळ्या पट्टीत दिसतं आणि नेमकं गरजेच्या वेळी संपतं. कुठला आवाज कुठल्या क्षणी वाजायचा हे बसवणं माझं काम होतं. सातशे आवाज बसवायला मी तयार होते. ते काढणारं माणूस नव्हतं. मी आत्याचं नाव सुचवलं.

खेळ कसा असावा हे ठरवणारे प्रमुख म्हणजे जरासे साहेब. हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांचं प्रत्येक मत "जरासं" या शब्दाने सुरू व्हायचं म्हणून कचेरीत ते नाव पडलं, आणि इतकं रुळलं की एकदा एका पत्रावरही तेच छापून गेलं. माणूस सभ्य. आवाज चढवायचा नाही, पाणी स्वतः उठून घ्यायचा. त्यामुळे त्यांच्यावर धड चिडताही यायचं नाही.

पहिल्याच बैठकीत आत्या वही उघडून बसली. "हा अग्निगोल. केवढा आहे? लिंबाएवढा की टरबुजाएवढा?"

जरासे साहेब माझ्याकडे बघायला लागले. "म्हणजे... तळहातात मावेल एवढा."

"आतून पोकळ की भरीव?"

"आगीचा आहे तो, मॅडम."

"ते कळलं. लागतो तेव्हा फुटतो की चिकटतो? आणि समोरच्याच्या अंगावर काय आहे? कापड, कातडं की लोखंड?"

"ते... समोर कोण आहे त्यावर आहे."

"मग तीन आवाज लागतील," असं म्हणून आत्याने लिहून घेतलं. शेवटी तिने विचारलं, "आणि जादू कशाची बनलेली असते, ते ठरलंय का?"

"जादू जादूचीच असते ना, मॅडम."

आत्याने वही मिटली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "माणूस बरा आहे. पण त्याने आयुष्यात कधी काही हातात धरून बघितलेलं नाही."

तिला तळमजल्यावर खोली मिळाली. भिंतींना जुन्या गाद्या लावल्या, दाराला रजई. पण भिंतीपलीकडे लिफ्ट होती. कोणी चहाला उतरलं की लिफ्ट घशातल्या घशात गुरगुरायची आणि आत्याचं ध्वनिमुद्रण फुकट जायचं. तिने तीन वेळा अर्ज दिला. उत्तर आलं की जिना वापरण्याबाबत सर्वांना विनंती करण्यात आलेली आहे. मग ती आठवडाभर दारात स्टूल टाकून बसली आणि लिफ्ट कधी थांबते त्याचं वेळापत्रक स्वतःच काढलं. साडेअकरा ते बारा आणि साडेतीन ते चारला दहा कमी. राक्षसांच्या सगळ्या लढाया एवढ्यात उरकायच्या.

तरी पहिले तीन महिने मजेचे गेले. गोठवण्याच्या मंत्रासाठी तिने कातडी पिशवीत मक्याचं पीठ भरलं आणि ती पिशवी माइकपाशी आवळली. कुरर्र कुरर्र असा कोरडा आवाज आला की माझे दात शिवशिवले. दगडी कातडीसाठी मातीच्या दोन कुंड्या तोंडाला तोंड लावून फिरवल्या. दिसेनासं होण्यासाठी रेशमी ओढणी अंगठीतून खेचली. प्रत्येक आवाज वर पाठवला की चार वाजेपर्यंत उत्तर यायचं: छान आहे, जरासं जास्त जादुई करता येईल का?

"जास्त जादुई म्हणजे काय करू?" आत्या विचारायची.

मला तरी कुठे ठाऊक होतं. मी मागे थोडा घुमारा लावून तोच आवाज परत पाठवायचे, आणि तो पास व्हायचा. हे मी आत्याला कधी सांगितलं नाही.

खरं घोडं अडलं ते सांधणीपाशी.

सांधणी हा जखम भरून आणणारा मंत्र. एकीने जखमी साथीदारावर हात धरायचा, हाताखाली उजेड यायचा, आणि तो उठून बसायचा. हाच मंत्र खेळात सगळ्यांत जास्त वापरला जातो. आग फेकणारे फेकतात, पण सांधणारीला दर मिनिटाला कोणी ना कोणी हाक मारतं. म्हणजे खेळणाऱ्याच्या कानावर हा आवाज हजारो वेळा पडणार. तेव्हा मंत्राला दोन पूर्णांक चार सेकंद लागत होते.

"जखम कसली?" आत्याने विचारलं. "कापल्याची, भाजल्याची की मुका मार?"

"कुठलीही. एकच मंत्र आहे."

"म्हणजे मोडलेलं हाडही त्यातच आणि खरचटलेला गुडघाही त्यातच?"

"मॅडम, जरासं चमचमतं काहीतरी हवं आहे," जरासे साहेब म्हणाले.

"चमचमतं ते डोळ्यांना. कानांना काय हवं ते सांगा."

साहेबांनी फोन काढून दुसऱ्या कुठल्याशा खेळातला नमुना ऐकवला. टिलिंग टिलिंग, वर जाणाऱ्या बारीक घंट्या. "सगळीकडे असंच असतं," ते म्हणाले.

"जखम भरताना घंटा वाजत नाहीत," आत्या म्हणाली. "जखम भरताना खाज येते. तुमची कधी भरली नाही का?"

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला. आत्या मात्र खोलीत गेली आणि खाजेचा आवाज शोधायला लागली. ओलं कातडं आवळून पाहिलं, गोंदाचे दोन कागद चिकटवून पाहिले, वाळलेली पानं मुठीत धरली. अठरा नमुने झाले. अठराही वेळा तेच उत्तर: छान, जरासं चमचमतं. आत्याचा जीव मेटाकुटीला आला. घरीही तेच. काका म्हणायचे, जेवताना मध्येच घास हातात धरून थांबते आणि डाव्या मनगटावरचा जुना व्रण खाजवून बघते.

एका रविवारी ती फडक्यांसाठी काकांचा जुना शर्ट फाडत होती. सोमवारी सकाळी, लिफ्ट चालू असतानाच, ती तडक माझ्या टेबलापाशी आली. "तुझ्या यंत्रावर आवाज उलटा वाजवता येतो का गं?"

"येतो की."

"मग चल."

कापड फाटताना आधी धागे एकदम तुटतात आणि मग आवाज फिस्कटत लांबत जातो. तो उलटा वाजवला की काय होतं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. आधी कुठूनतरी लांबून बारीक सळसळ येते. मग एकेक धागा जवळ ओढला जातो, सळसळ दाट होत जाते, आणि शेवटी सगळं एकदम मिटतं. फाटलेलं सांधलं गेलं हे कोणी सांगावं लागत नाही.

मग पंधरा दिवस आत्या कापडं फाडत होती. नवं कापड ओरडतं म्हणाली. रेशीम शीळ घालतं. पाच-सहा वर्षं अंगावर घालून, धुऊन धुऊन विरलेला सुती शर्ट, तोही उभा नाही, आडवा फाडायचा. काकांचे पाच शर्ट सांधणीत गेले. "मी आता दुकानात काय घालून जाऊ?" त्यांनी विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "नवे घाल. नवे मला नको आहेत."

एकोणिसावा नमुना जरासे साहेबांनी डोळे मिटून ऐकला. "परत," म्हणाले. मी परत वाजवला. "परत." तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी डोळे उघडले. "जरासं..." आम्ही दोघी श्वास रोखून बसलेल्या. "जरासं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, मॅडम."

त्या दिवशी आत्याने सगळ्या मजल्याला कलिंगड कापून वाटलं. मी तिला इतकं खूश रेडिओच्या दिवसांतही पाहिलं नव्हतं.

महिन्याभराने बाहेरची वीस माणसं बोलावून त्यांना दोन दिवस खेळ खेळायला दिला. त्यांच्या तक्रारींचा कागद आला. त्यात आवाजाबद्दल चकार शब्द नव्हता. पण वीसपैकी सतरा जणांनी लिहिलं होतं की सांधणीला फार वेळ लागतो. हात धरून उभं राहावं तोवर लांडगा साथीदाराला खाऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी सांधणीचा वेळ दोन पूर्णांक चारवरून शून्य पूर्णांक सहा सेकंदांवर आला. मी जिन्यात असताना जरासे साहेबांनी ते मला सांगितलं आणि म्हणाले, "आवाज जरासा बसवून घ्या."

मी खाली गेले. आत्या खडीच्या परातीत एका हाताने बूट चालवत होती. पहारेकऱ्याच्या पावलांची तालीम. माइक चालू होता, पण ते माझ्या लक्षात आलं नाही.

"आत्या, सांधणीचा वेळ कमी केलाय."

"किती?"

"शून्य पूर्णांक सहा."

तिने बूट खाली ठेवला. "अर्ध्या सेकंदात जखम भरते होय? मग ती जखम कसली, डास चावला असेल."

"मी तुझा आवाज कापून बसवते. मधला तुकडा काढला तर..."

"कुठला मधला? सुरुवात काढलीस तर काय सांधलं जातंय ते कळणार नाही. शेवट काढलास तर सांधलंच गेलं नाही. आणि मधलं काढलंस तर दोन ठिगळं राहतील."

"वेगाने वाजवला तर?"

"उंदीर चिरकल्यासारखा येईल. वाजवून बघ."

मी वाजवून बघूनच आले होते. तसाच येत होता. तिला ते माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिने जीभ टाळूला लावून सोडली. च्क. आणि नाकातून थोडा श्वास. आमच्याकडच्या सगळ्या बायका तो आवाज काढतात, पण इतका पुरेपूर मी कोणाचा ऐकलेला नाही. राग असता तर परवडला असता. एवढं सगळं जमवून आणलं आणि शेवटी हे, एवढंच त्यात होतं.

मग ती म्हणाली, "जा आता. साडेतीन होतील, लिफ्ट थांबेल."

दुसऱ्या दिवशी सगळ्या कचेरीसमोर खेळ चालवून दाखवायचा होता. मंत्र फसल्याचा आवाज सगळ्या मंत्रांना एकच ठेवायचं मध्यंतरी ठरलं होतं, पण त्याचे चौदा नमुने जरासे साहेबांनी परत केले होते, त्यामुळे ती जागा मोकळीच होती. मॅना संपला तरी काही वाजायचंच नाही, आणि खेळणारा बटण दाबत बसायचा. संध्याकाळी पहारेकऱ्याच्या पावलांचं मुद्रण साफ करताना मला त्यात ते च्क सापडलं. मी ते कापलं आणि मोकळ्या जागी लावून दिलं. वर "तात्पुरता" असं लिहिलं. माझ्या मनात काही वाईट नव्हतं. खरं सांगायचं तर मनात काहीच नव्हतं. घरी जायची घाई होती.

मोठ्या दालनात चाळीस जण बसले होते. आत्या तिसऱ्या रांगेत. खेळायला विक्री विभागातले एक गृहस्थ पुढे बसले, आणि त्यांना मॅना जपून वापरायचा असतो हे शेवटपर्यंत कळलं नाही. आग फेकली, फेकली, निळी पट्टी रिकामी झाली. माणसाच्या उंचीच्या दोन स्पीकरमधून आत्या म्हणाली, च्क. त्यांनी परत बटण दाबलं. च्क. मागून कोणीतरी खुदकन हसलं. च्क, च्क. मग सगळं दालन हसायला लागलं, आणि जरासे साहेब उठून उभे राहिले. "हे कोणी केलं? हेच हवं होतं मला! यात जरासुद्धा बदलायचं नाही."

तिसऱ्या रांगेतली खुर्ची मागे सरकली.

ती मला पाण्याच्या नळापाशी सापडली. "ते मी काढलेलं नाही," ती म्हणाली.

"अगं, तूच तर..."

"निघालं ते. काढणं वेगळं आणि निघणं वेगळं. सव्वीस वर्षांत तुला एवढंही कळलं नसेल तर मी काय बोलू?"

"मी तात्पुरतं लावलं होतं, आत्या."

"सहाशे-साडेसहाशे आवाज काढून दिले मी त्यांना. कुंड्या फोडल्या, नवऱ्याचे कपडे फाडले. आणि एका फटक्यात पसंत काय पडलं, तर माझा वैताग."

ती जरासे साहेबांकडे गेली. मीही मागोमाग गेले. "तो आवाज काढून टाका," तिने सांगितलं.

"मॅडम, तुम्हाला कल्पना नाही तो किती खरा आहे."

"मला पूर्ण कल्पना आहे. म्हणूनच मागते आहे."

साहेबांना खरोखरच वाईट वाटलं. पण नेमणुकीच्या पत्रात लिहिलं होतं की कंपनीच्या खोलीत मुद्रित झालेला प्रत्येक आवाज कंपनीचा. मी पत्र काढून वाचलं. लिहिलेलं होतं.

यानंतरचं सगळं फार भरभर झालं. सांधणी लहान केल्यावर बाकीचे मंत्रही लहान करावे लागले, नाहीतर आग फेकणारा मागे पडायचा. सगळे आवाज लांब पडायला लागले. नव्याने काढायला वेळ नव्हता, म्हणून कंपनीने बाहेरून तयार आवाजांचा एक संच घेतला. टिलिंग टिलिंग, छोटे, मोठे, खालचे, वरचे. ते बसवायला मला दोन दिवस लागले. सांधणीला घंटी, अग्निगोलाला घंटी, दगडाच्या कातडीलाही घंटी. आत्याचं जे शिल्लक राहिलं ते म्हणजे पहारेकऱ्यांची पावलं, किल्ल्याची दारं आणि ते च्क.

आणि मग जरासे साहेबांना वाटलं की खेळात अकरा पात्रं आहेत, तर प्रत्येकाला स्वतःचं च्क हवं. योद्ध्याचं जरासं भारदस्त, सांधणारीचं जरासं हळवं, चोराचं जरासं खट्याळ. मला वाटलं आत्या आता पाय आपटत घरी जाईल. पण तिने अट घातली. "अकरा काढून देते. पण मग तो निघालेला पुसून टाकायचा." साहेबांनी लगेच मान हलवली.

साडेअकराला लिफ्ट थांबली. मी कानाला हेडफोन लावून काचेच्या अलीकडे बसले. आत्या माइकसमोर. च्क.

फार मोठा झाला. दुसऱ्यात तोंडाला पाणी सुटल्यासारखं वाटलं. तिसरा नाटकातल्या सासूचा. ती पाणी प्यायली, जीभ पुसली, खुर्ची सरकवली, उभी राहिली. बारा वाजेपर्यंत एकोणपन्नास झाले. सगळे तिच्याच तोंडातून आलेले, आणि एकही तिचा नव्हता. मला मदत करायची होती; वाटलं, चिडली तर खरा निघेल. मी बटण दाबून तिला म्हणाले, "आत्या, तुझ्या सांधणीच्या जागी घंटी बसवली ना, ती मी स्वतः बसवली."

"माहीत आहे," ती म्हणाली.

पन्नासावा आणखी वाईट आला. मग लिफ्ट सुरू झाली. आत्याने हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली, बाहेर आली आणि म्हणाली, "येत नाही."

तिच्या तोंडून हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले. घोड्यांची टाप, बुडणारी होडी, जळणारं गोदाम, तिला काहीही सांगा, ती म्हणायची उद्यापर्यंत देते.

साहेबांना मी कळवलं. "हरकत नाही," ते म्हणाले, "जुनाच ठेवू. यंत्रावर जरासा खाली-वर करून अकरा बनवा." ते कामही माझ्याकडेच आलं.

शनिवारी आत्याने खोलीची किल्ली परत दिली. सामान न्यायला काका दुकानातून अर्धा दिवस सुट्टी काढून आले. बूट, कुंड्या, खडीची परात, दोन ट्रंका गाडीत बसल्या. राहिला तो गादीमागे उभा केलेला माणसाएवढा पातळ पत्रा. रेडिओच्या काळापासूनचा, वादळाचा. हलवला की आभाळ गडगडतं. तो कुठल्याच गाडीत मावेना. शेवटी काका ट्रंका घेऊन गाडीने पुढे गेले आणि आम्ही दोघी पत्रा धरून चालत निघालो.

वारा होता. दर दहा पावलांना पत्रा गडगडायचा आणि रस्त्यावरची माणसं वर बघायची. "घट्ट धर," आत्या पुढून ओरडायची. "वाकवू नकोस. एवढंही धरता येत नाही का तुला?" मी म्हणाले, "आत्या, मला माफ कर." ती म्हणाली, "डावीकडे खड्डा आहे." एवढंच आमचं बोलणं झालं.

इमारतीत लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यापर्यंत पत्रा आला, पण तिसऱ्याच्या वळणावर अडकला. काका वरून उतरून आले. आयुष्यभर काचा मापात बसवलेला माणूस. त्यांनी लांबूनच मान तिरकी करून बघितलं. "हा वळणार नाही. दोन बोटं जास्त आहे."

"वळेल," आत्या म्हणाली.

आम्ही आडवा केला, उभा केला, कठड्यावरून वर चढवून बघितला. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या मजल्यावरच्या बाई दार उघडून विचारायला आल्या की पाऊस येतोय का. काका म्हणाले, "थोडा वाकवला तर जाईल." आत्याने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी हात खिशात घातले.

पुढे दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. दरम्यान खेळ बाजारात आला आणि बरा चालला. घंट्यांबद्दल कोणी काही लिहिलं नाही. च्कबद्दल लिहिलं: काहींना तो फार आवडला, काहींनी कंपनीला पत्र पाठवून विचारलं की बंद कसा करायचा. शेवटच्या नावांच्या यादीत आत्याच्या नावापुढे "इतर आवाज" असं आलंय. ते मी तिला दाखवलेलं नाही.

आता ती कानाच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन सकाळी जाते. ज्यांना नवीन यंत्रं लावतात त्यांना रोजचे आवाज ओळखायला शिकवायचे असतात, ते ती काढून देते. नळ, किल्ली, चमचा. तिथल्या डॉक्टरीणबाईंचंही तिला पटत नाही. त्या म्हणे चमचा फार लांबून वाजवायला सांगतात. फोनवर ती मला हे सगळं रागारागाने सांगते, म्हणजे आमचं पुन्हा सुरू झालंय.

पत्रा अजून त्या वळणावरच आहे. वर गेला नाही आणि खाली न्यायला ती तयार नाही. इमारतीच्या सचिवांनी दोन चिठ्ठ्या लावल्या. येणारा-जाणारा कोपराने धडकतो, सगळा जिना गडगडतो, आणि तिसऱ्या मजल्यावरून आत्या दार उघडून ओरडते, "भिंतीच्या बाजूने चला हो, पोचा येईल त्याला!"